छळाचा पुरावा आणि परक्या देशातला आश्रय

(आपल्या संस्थेच्या वर्षावास व्याख्यानमालेत रत्नागिरी येथे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



कार्यकारिणीने मला या वर्षी बोलायला सांगितले तेव्हा मी म्हटले, बँकेच्या कर्जयोजनांवर बोलतो. चिटणीस म्हणाले, ते तुम्ही रोज काउंटरवर बोलताच, इथे दुसरे काही तरी सांगा. तेव्हा गेले काही महिने मनात घोळत असलेला विषय घेऊन उभा आहे. मी वकील नाही. बी.ए. झालो आणि बँकेत कारकून म्हणून लागलो. कागद तपासणे हे माझे रोजचे काम. जे सांगणार आहे ते वाचून, विचारून आणि कागद तपासणाऱ्याच्या नजरेने पाहून सांगणार आहे.

विषय कसा सुचला ते आधी सांगतो. आमच्या वाडीतल्या एका घरातला मुलगा एके दिवशी बँक बंद होण्याच्या वेळेला आला. "काका, घरदुरुस्तीसाठी कर्ज मिळेल का?" मला त्याचे घर माहीत. दोनच वर्षांपूर्वी स्लॅब टाकलेला. मी म्हटले, "खरे काय ते सांग." मग हळूहळू बाहेर आले. एका मोठ्या शहरातला एजंट त्याला युरोपात पोचवणार होता. पैसे बारा लाख. तिथे उतरल्यावर नोकरी शोधायची नाही. आधी अर्ज करायचा की, माझ्या देशात माझा राजकीय छळ होतो, मला आश्रय द्या. अर्जाचा निकाल लागेपर्यंत तिथे राहता येते, असे एजंटाने पढवले होते. पुराव्याचे काय? त्याचीही सोय होती. ३ जानेवारी २०१८ च्या महाराष्ट्र बंदच्या वेळी या मुलाला पोलिसांनी १४९ ची नोटीस दिली होती. एजंट म्हणाला, ही नोटीस म्हणजे सोने आहे, बाकीचे कागद आम्ही बनवून देतो.

मुलाने माझ्याकडे पाहिले आणि विचारले, "काका, जातीवरून माझ्यावर अन्याय होतो असे लिहिले तर चालेल का? खोटे थोडेच आहे?"

मित्रहो, या प्रश्नाचे उत्तर मला त्या दिवशी देता आले नाही. अन्याय होत नाही असे मी कोणत्या तोंडाने म्हणू? पण होतो, एवढे म्हटले की आश्रय मिळतो का? मिळावा का? त्याचा शोध घेतला, तो आज आपल्यासमोर ठेवतो.

सुरुवात आपल्या गावापासून करू. आपण सर्वांनी थिबा पॅलेस पाहिलेला आहे. १८८५ मध्ये इंग्रजांनी ब्रह्मदेश जिंकला, राजा थिबाला पदच्युत केले आणि १८८६ मध्ये कुटुंबासह रत्नागिरीत आणून ठेवले. १९१० मध्ये तो वाडा बांधून झाला आणि १९१६ मध्ये राजा इथेच वारला. बुद्धाला मानणारा एक राजा तीस वर्षे आपल्या समुद्राकडे पाहत बसला. त्याला आपला छळ सिद्ध करण्याची कधी गरज पडली नाही, कारण त्याला कुठे आणले, कुठे ठेवले, किती पैसे दिले, याची नोंद खुद्द इंग्रज सरकारच ठेवत होते. यातून एक गोष्ट ध्यानात घ्या. छळाचा सर्वांत भक्कम पुरावा पुष्कळदा छळ करणाऱ्याच्याच दप्तरात असतो. वॉरंट, हद्दपारीचा हुकूम, वृत्तपत्रावरची बंदी, नोकरीतून काढल्याचे पत्र. हे कागद ज्याच्या हाती आहेत त्याचे काम सोपे. पण मध्यरात्री दारावर लाथ मारणारा माणूस कधी पावती देऊन जात नाही. खरी अडचण तिथे सुरू होते.

दुसरे उदाहरणही रत्नागिरीशी संबंधित आहे. विनायक दामोदर सावरकर १९२४ ते १९३७ या काळात या जिल्ह्यात स्थानबद्ध होते, हे आपण जाणतो. त्यांच्या विचारांशी आपले मतभेद आहेत, ते लपवण्याचे कारण नाही. इथे मला फक्त त्यांचा खटला सांगायचा आहे. ८ जुलै १९१० रोजी फ्रान्सच्या मार्सेय बंदरात 'मोरिया' जहाजातून त्यांनी पाण्यात उडी टाकली आणि पोहत किनारा गाठला. फ्रान्सच्या जमिनीवर पाय लागला की राजकीय आश्रय मागता येईल, ही अपेक्षा. पण बंदरावरच्या फ्रेंच पोलिसाने त्यांना धरले आणि परत जहाजावर दिले. हा कोण, कशासाठी पळतो, काय मागतो, याची चौकशी त्या वेळी झालीच नाही. पुढे फ्रान्सने हरकत घेतली आणि प्रकरण हेगच्या आंतरराष्ट्रीय लवादापुढे गेले. २४ फेब्रुवारी १९११ रोजी निकाल लागला. त्यांना जहाजावर परत देण्यात अनियमितता झाली, हे लवादाने मान्य केले. तरीही कैद्याला फ्रान्सकडे परत देण्याचे बंधन इंग्लंडवर नाही, असे ठरवले.

या खटल्यातून काय दिसते? आश्रय मागणाऱ्याला प्रथम त्याचे म्हणणे ऐकून घेणारा माणूस भेटावा लागतो. ऐकून न घेता परत ढकलले, तर पुरावा कितीही असो, उपयोग शून्य. त्या काळी असे ऐकून घेण्याचे बंधन कोणत्याही राष्ट्रावर नव्हते. ते पुढे दुसऱ्या महायुद्धातल्या भयंकर अनुभवानंतर आले. १९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याने छळापासून दुसऱ्या देशात आश्रय मागण्याचा हक्क मान्य केला. १९५१ मध्ये निर्वासितांविषयीचा आंतरराष्ट्रीय करार झाला आणि १९६७ च्या पूरक कराराने त्याची कालमर्यादा व प्रदेशाची मर्यादा काढून टाकली.

या कराराची व्याख्या विद्यार्थ्यांनी नीट समजून घ्यावी. वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, विशिष्ट सामाजिक गटातले असणे किंवा राजकीय मत, या पाचांपैकी एखाद्या कारणावरून छळ होईल अशी रास्त भीती ज्याला आहे, जो आपल्या देशाबाहेर आहे आणि त्या भीतीमुळे ज्याला आपल्या देशाचे संरक्षण घेता येत नाही किंवा घ्यावेसे वाटत नाही, तो निर्वासित. यात गरिबी नाही, बेकारी नाही, दुष्काळ नाही. कोयनेच्या धरणात ज्यांची घरे गेली त्यांचे दुःख लहान नव्हते. पण ते देशाबाहेर गेले नव्हते आणि त्यांना उठवण्यामागे वरीलपैकी कारण नव्हते, म्हणून या व्याख्येत ते बसत नाहीत. दुःख मोठे असणे वेगळे आणि या कायद्यात बसणे वेगळे.

मग अर्ज तपासणारा अधिकारी पाहतो काय? मी माझ्या भाषेत पाच प्रश्न मांडतो. तुमच्यावर काय ओढवले, किंवा काय ओढवेल अशी भीती आहे? ते करणारा कोण, सरकार, की सरकार ज्याला आवरत नाही असा कोणी? कारण काय, त्या पाचांपैकी कोणते? तुमच्याच देशात दुसऱ्या ठिकाणी जाऊन तुम्ही सुखरूप राहू शकला असता का? आणि आज परत गेलात तर तीच भीती कायम आहे का? पाचही प्रश्नांची उत्तरे एकमेकांशी जुळावी लागतात.

आता त्या मुलाची नोटीस या पाच प्रश्नांपुढे ठेवून पाहू. त्या वेळी राज्यात अनेक तरुणांवर गुन्हे नोंदले गेले, हे खरे. पण याच्यावर गुन्हा नव्हता. शांतता भंग करू नये, अशी समज देणारी नोटीस होती. त्याला अटक नाही, मारहाण नाही. त्यानंतर तो कॉलेज शिकला, परीक्षा दिल्या, पासपोर्टही मिळाला. पोलिसांची कारवाई आणि छळ यांत फरक आहे. कारवाई अन्यायाची असू शकते. मत दडपण्यासाठी ती मुद्दाम, वारंवार आणि जीव किंवा स्वातंत्र्य धोक्यात येईल अशी केली गेली, तर तिला छळ म्हणता येते. एका नोटिशीने ते सिद्ध होत नाही. शिवाय अधिकारी विचारणार, तू मुंबईला किंवा पुण्याला का गेला नाहीस? याला उत्तर नाही.

मग ज्यांच्यावर खरोखर ओढवले आहे, पण हाती कागद नाही, त्यांनी काय करायचे? इथे कायदा वाटतो तेवढा कठोर नाही. संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासितविषयक उच्चायुक्तांच्या कार्यालयाने १९७९ मध्ये अधिकाऱ्यांसाठी मार्गदर्शक पुस्तिका काढली. जीव घेऊन पळणारा माणूस कागदपत्रे बरोबर आणू शकत नाही, हे त्यात स्पष्ट मान्य केले आहे. सिद्ध करण्याचा भार मुळात अर्जदारावर, पण सत्य शोधण्याची जबाबदारी अर्जदार आणि अधिकारी या दोघांची. अर्जदाराने प्रामाणिक प्रयत्न केला, त्याची हकीगत सुसंगत असली आणि सर्वांना ठाऊक असलेल्या परिस्थितीशी विसंगत नसली, तर संशयाचा फायदा त्याला द्यावा. एखादे विधान खोटे निघाले एवढ्यावरून अर्ज फेटाळू नये, असेही त्यात म्हटले आहे, कारण घाबरलेला माणूस अधिकाऱ्यापुढेही घाबरतो.

भीती किती पक्की असावी? १९८७ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे निकाराग्वामधील एका स्त्रीचे प्रकरण आले. तिच्या भावाचा राजकीय कामावरून छळ झाला होता. छळ होण्याची शक्यता निम्म्याहून अधिक आहे, असे तिने दाखवावे, असे सरकारचे म्हणणे. न्यायालयाने ते मानले नाही. दहांत एक शक्यता असली तरी भीती रास्त असू शकते, असा त्या निकालाचा आशय आहे. दहा जणांतल्या एकाला गोळी घालणार हे माहीत असेल, तर त्या दहांतला कोण निर्धास्त झोपेल?

मी बँकेत सह्या जुळवतो. नमुन्याच्या कार्डावरची सही आणि चेकवरची सही. वीस वर्षांच्या अनुभवाने सांगतो, खऱ्या माणसाची सही दर वेळी थोडी वेगळी येते. कधी अक्षर आखूड, कधी शेपूट लांब. पण हाताचे वळण तेच राहते. जी सही कार्डावरच्या सहीशी तंतोतंत जुळते, तिच्याकडे मी दोनदा बघतो. ती बहुतेक गिरवलेली असते. हकीगतीचेही तसेच आहे. खरा माणूस तारीख चुकतो, पण त्या रात्री दाराची कडी कुणी लावली ते त्याला आठवते. एजंटाच्या हकीगतीत तारखा चोख असतात आणि दहा अर्जांत एकच गोष्ट असते.

आपल्या देशात काय होते, तेही पाहू. भारताने १९५१ च्या करारावर सही केलेली नाही आणि निर्वासितांसाठी वेगळा कायदाही नाही. १९५९ मध्ये दलाई लामांबरोबर आणि त्यांच्या मागून जे तिबेटी बांधव आले, त्यांना एकेकाला छळ सिद्ध करावा लागला नाही. सरकारने तो समूहच मान्य केला. आपल्या महाराष्ट्रातही गोंदिया जिल्ह्यात गोठणगाव येथे त्यांची नॉर्गेलिंग ही वसाहत १९७२ पासून आहे. मात्र मान्यता मिळाली म्हणून कागद सुटला नाही. नोंदणीचे प्रमाणपत्र जवळ ठेवावे लागते आणि मुदत संपली की नूतनीकरण करून घ्यावे लागते.

चकमा बांधवांची गोष्ट याहून कठीण. हेही बौद्धच. तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातल्या चितगाव डोंगरी भागात कप्ताई धरण झाले, त्यात त्यांची जमीन गेली आणि १९६४ पासून ते भारतात आले. त्यांना आजच्या अरुणाचल प्रदेशात वसवले. तीस वर्षांनी तिथल्या विद्यार्थी संघटनेने त्यांना राज्य सोडण्याची मुदत घातली. राष्ट्रीय मानवी हक्क आयोग सर्वोच्च न्यायालयात गेला आणि जानेवारी १९९६ मध्ये निकाल लागला. न्यायालयाने सांगितले की, संविधानाच्या २१ व्या कलमाचे संरक्षण प्रत्येक व्यक्तीला आहे, नागरिक असो वा नसो. बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखालील मसुदा समितीने काही कलमांत 'नागरिक' आणि काही कलमांत 'व्यक्ती' हा शब्द ठेवला. त्या एका शब्दाने हजारो लोकांना हुसकावण्यापासून वाचवले.

त्याच निकालातली दुसरी गोष्ट माझ्यासारख्या कारकुनाच्या मनाला अधिक लागली. चकमांनी नागरिकत्वासाठी केलेले अर्ज जिल्ह्याच्या कचेरीतून केंद्र सरकारकडे पुढे जातच नव्हते. न्यायालयाने बजावले की, अर्ज पुढे पाठवणे हे अधिकाऱ्याचे कर्तव्य आहे, टेबलावरच निकाल लावण्याचा त्याला अधिकार नाही. आपल्यापैकी पुष्कळ जण निरनिराळ्या कचेऱ्यांत नोकरीला आहेत. एखाद्याचा जन्म आपल्या टेबलावरच्या फायलीत अडकलेला असू शकतो, हे आपण विसरू नये.

ज्या ब्रह्मदेशातून थिबा राजाला बळजबरीने इथे आणले, त्याच देशातून १९८८ च्या उठावानंतर विद्यार्थी आणि १ फेब्रुवारी २०२१ च्या लष्करी उठावानंतर हजारो लोक जीव वाचवायला भारताकडे आले. त्यांतले अनेक जण मिझोराममध्ये आहेत. काही दिल्लीला जाऊन निर्वासित उच्चायुक्तांच्या कार्यालयात मुलाखत देतात. दुभाष्यामार्फत आपली हकीगत सांगायची, आपल्या आईवर काय गुदरले ते परक्या माणसापुढे पुन्हा पुन्हा सांगायचे, आणि त्यावर कार्ड मिळेल की नाही ते ठरायचे. मित्रहो, अशा रांगेत आपला सुखरूप मुलगा बनावट कागद घेऊन उभा राहिला, तर तो कोणाची जागा घेतो?

भारतीय अर्जदारांकडे आता आधीच संशयाने पाहिले जाते. ब्रिटनच्या सरकारने नोव्हेंबर २०२३ मध्ये भारताला सुरक्षित देशांच्या यादीत घालण्याचे ठरवले आणि एप्रिल २०२५ मध्ये युरोपीय आयोगानेही तसाच प्रस्ताव मांडला. अशा यादीचा अर्थ असा की, या देशातून आलेल्याचा अर्ज बहुधा निराधार आहे, असे धरूनच सुरुवात होते. अमेरिकेत जाणूनबुजून बनावट अर्ज केल्याचे ठरले, तर पुढे वसाहतीचे जवळजवळ सर्व दरवाजे कायमचे बंद होतात. ५ फेब्रुवारी २०२५ रोजी १०४ भारतीयांना घेऊन अमेरिकेचे लष्करी विमान अमृतसरला उतरले. त्यांत तिघे महाराष्ट्रातले होते. अशा वाटेने गेलेल्यांतल्या अनेकांनी एजंटांना दिलेला पैसा जमीन विकून, दागिने मोडून उभा केलेला असतो.

आणि उद्या आपल्यातल्याच एखाद्यावर खरोखर संकट आले, त्याने लिहिले म्हणून, बोलला म्हणून, आंतरजातीय लग्न केले म्हणून जीवावर बेतले आणि देश सोडावा लागला, तर? त्याच्या अर्जात जातीचा उल्लेख वाचून अधिकारी म्हणेल, ही गोष्ट मी यापूर्वी पन्नास वेळा वाचली आहे. त्या पन्नासांत आपल्या वाडीतला मुलगा नसावा, एवढेच माझे म्हणणे.

कागदाची किंमत आपल्या समाजाला दुसऱ्या कोणी शिकवायला नको. १९५६ ला धम्मदीक्षा घेतली आणि केंद्राच्या सवलतींसाठी बौद्धांना १९९० च्या दुरुस्तीपर्यंत वाट पाहावी लागली. आजही जात पडताळणीसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा मागतात, तेव्हा आजोबांच्या शाळेचा दाखला शोधत आपण गावोगाव फिरतो. ज्यांना शाळेच्या पायरीवरही चढू दिले नाही, त्यांच्या नातवाकडे शाळेचा दाखला मागायचा. आपण हे सोसले आहे. म्हणून ज्याच्याकडे कागद नाही त्याचे दुःख आपल्याला कळायला हवे आणि खोटा कागद करणाऱ्याची चीडही आपल्याला यायला हवी.

यातून आपण इथे, रत्नागिरीत, काय करायचे? पुरावा ज्या दिवशी घटना घडते त्याच दिवशी तयार होतो. दहा वर्षांनी परदेशातल्या कचेरीत काय, किंवा इथल्या सत्र न्यायालयात काय, उपयोग त्या दिवशीच्या कागदाचाच होतो. अत्याचार झाला तर १९८९ च्या अ‍ॅट्रॉसिटी कायद्याखाली फिर्याद द्या. फिर्याद देणाऱ्याला तिची प्रत विनामूल्य मिळण्याचा हक्क आहे. ती घेतल्याशिवाय ठाणे सोडू नका. मार लागला असेल तर त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात तपासून दाखला घ्या. धमकीचे पत्र, मोबाइलवरचा संदेश, फोटो जपून ठेवा आणि एक प्रत दुसऱ्या गावच्या विश्वासू माणसाकडे द्या. त्याच रात्री वहीत तारीख घालून आपल्या शब्दांत लिहून काढा. जे आठवत नाही ते आठवत नाही असेच लिहा. फिर्याद घेतली नाही तर तोच मजकूर पोलीस अधीक्षकांना रजिस्टर पोस्टाने पाठवा आणि पावती जपा. आपल्या संस्थेनेही अशा प्रसंगांची एक नोंदवही ठेवावी आणि फिर्याद लिहायला मदत करील असा एक सुशिक्षित तरुण प्रत्येक शाखेत नेमावा, अशी माझी अध्यक्षांना विनंती आहे.

त्या मुलाचे काय झाले, असे तुम्ही विचाराल. मी त्याला वरचे सगळे सांगितले. तो म्हणाला, "काका, तुमची नोकरी पक्की आहे, तुम्हाला बोलायला काय जाते." तो गेला नाही. पण अजून माझ्याशी धड बोलत नाही. इथे त्याला मनाजोगे काम मिळालेले नाही, तेव्हा त्याच्या रागालाही अर्थ आहे. त्याला खोट्या वाटेवरून परत फिरवले म्हणजे आपली जबाबदारी संपली, असे मी मानत नाही. त्याच्या नोकरीसाठी आपल्यातल्या कोणाला काही करता आले, तर सभा संपल्यावर मला जरूर भेटावे. त्याचे नाव मी इथे सांगणार नाही.